पाण्याखालचे पंखे

प्रिय मित्रा,

‘ऊन फुकट, वारा फुकट, मग समुद्राच्या तळाशी पंखे कशाला फिरवताय?’ हे तुझं वाक्य वाचून आधी हसलो, मग थोडा चिडलो. समुद्राच्या प्रवाहातून वीज काढणाऱ्या आमच्या टर्बाइन्सना तू पंखे म्हणतोस! म्हणून लगेच लिहायला बसलोय.

उन्हाचं आधी उरकतो. एकाच थराचा सोलर सेल उन्हातल्या किती ऊर्जेची वीज करू शकतो याला मर्यादा आहे, हे शॉकली आणि क्वाइसर या शास्त्रज्ञांनी १९६१ मध्येच दाखवून दिलंय. आजच्या हिशोबाने ती साधारण ३३ टक्के. आता सिलिकॉनवर पेरोव्स्काइट नावाच्या स्फटिकी पदार्थाचा पातळ दुसरा थर चढवून प्रयोगशाळेत ३४ टक्क्यांच्या वर मजल गेलीय. पण हे पेरोव्स्काइट नाजूक, ओल लागली की मान टाकतं.

वाऱ्यालाही मर्यादा आहे, बेट्झची: पवनचक्की वाऱ्यातली फार तर ५९.३ टक्के ऊर्जा घेऊ शकते. पात्यांमधून आता फार काही पिळून काढण्यासारखं उरलेलं नाही, म्हणून काम चाललंय ते मांडणीवर. पुढच्या पवनचक्कीचं तोंड किंचित तिरकं धरायचं, म्हणजे तिच्यामागचा विस्कटलेला वारा मागचीला चुकवून बाजूने निघून जातो. पुढची थोडं गमावते, मागची जास्त कमावते. असला व्यवहार माणसांत कुठे बघायला मिळतो सांग!

आता समुद्र. पाणी हवेच्या आठशे पटींहून अधिक घन, त्यामुळे संथ प्रवाहातही भरपूर जोर असतो. वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट. शिवाय भरती-ओहोटीचं वेळापत्रक कित्येक वर्षं आधी काढता येतं. प्रवाह पालटताना पाणी थबकतं आणि वीज शून्यावर येते, कबूल. पण ती वेळ कधी येणार हे आधीच ठाऊक असतं. ढगांना विचारून बघ! जपानजवळून वाहणाऱ्या कुरोशिओसारखा सागरी प्रवाह तर पालटतच नाही. जपानने २०१७ मध्ये त्यात पतंगासारखं दोरावर तरंगणारं १०० किलोवॉटचं यंत्र तपासलंही.

अडतं कुठे, तर टिकण्यात. पात्यांवर शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून लावायचा रंग तपासायला आम्ही एक पट्टी अर्धी रंगवून समुद्रात सोडली होती. गेल्या आठवड्यात ती आठ महिन्यांनी वर काढली. रंग लावलेली बाजू नुसती बुळबुळीत, बोट फिरवलं की शेवाळ निघून येत होतं. कोऱ्या बाजूवर मात्र शिंपल्यांचा असा थर, की पटाशीने खरवडताना माझं बोट कापलं. पात्यावर हेच बसलं की त्याचा आकारच बिघडतो. आणि पाणी अडवणाऱ्या सीलमधून खारं पाणी आत, दांडा ज्यावर फिरतो त्या बेअरिंगपर्यंत पोचलं की अख्खं यंत्र वर काढायचं. जहाज, क्रेन, पाणबुडे सगळं आलं. स्कॉटलंडच्या पेंटलंड फर्थ या सामुद्रधुनीत मेजेन नावाच्या भरती-ओहोटीच्या वीजप्रकल्पाची दीड-दीड मेगावॉटची चार टर्बाइन्स आहेत. त्यातलं एक सहा वर्षांहून जास्त काळ अचानक दुरुस्तीची वेळ न येता चाललं. ही बातमी वाचून मला कुठल्याही टक्केवारीपेक्षा जास्त आनंद झाला होता.

पट्टी घासून, तोलून तयार आहे. उद्या पहाटे पाणी थबकेल तेव्हा परत सोडायची. बरोबर ५ वाजून १० मिनिटांनी. गजर लावलाय.

तुझा,
पंखेवाला