दगडावर नाव कोरण्याआधी

प्रिय गणपत,

सप्रेम राम राम. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणीत आपण सगळेच ‘गणपत’, त्यामुळे पाकिटावर काय लिहायचं हा प्रश्न पोस्टमनचा.

येत्या २६ जुलैला, कारगिल विजय दिनाला, गावात कारगिलमध्ये पडलेल्या आपल्या साथीदाराचं स्मारक उभं करायचं, वर्गणी जमत आलीय आणि कारागिराला इसार द्यायचा तेवढा राहिलाय, असं तू लिहिलंस. इसार पंधरा दिवस थांबव. स्मारक व्हायलाच हवं. पण कागदावरची चूक खोडता येते, दगडावरची पुढच्या चार पिढ्या वाचतात.

सातारा, रत्नागिरीकडच्या गावांत पहिल्या महायुद्धाचे ते लहानसे फलक तू पाहिलेच असशील. या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. संपलं. आकडा आहे, नाव एकाचंही नाही. आज गावात विचारलं की ‘आमचे पणजोबा होते म्हणतात त्यात’, एवढ्यावर बोळवण होते. सरकारनं मोजणी केली होती, आठवण नाही. म्हणून तुझ्या दगडावर बाकी काही कमी पडलं तरी चालेल, नाव मात्र पुरं आणि अचूक हवं.

नाव कुणाच्या तोंडून घेऊ नकोस, कागदावरून घे. वहिनींकडे, म्हणजे त्याच्या पत्नीकडे, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) असेल, युद्धात कामी आल्याचं प्रमाणपत्र असेल. ते नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाक. पाच गोष्टी जुळवायच्या: नंबर, हुद्दा, नाव, पलटण, तारीख. नंबराच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं, ते हमखास गळतं. हुद्दा लान्स नायक असला की गाव प्रेमानं ‘नायक’ करून टाकतं. वडलांचं नाव गावात एक, सैन्यात भरतीच्या वेळी कारकुनानं लिहिलं ते दुसरं. अशा वेळी कागदावरचं नाव कोर आणि गावातलं हाक मारायचं नाव त्याखाली लहान अक्षरात घाल. दोन्ही खरीच आहेत.

तारखेला सगळ्यात जास्त गफलत होते. गावाच्या लक्षात असतो तो पार्थिव आलं तो दिवस: शाळा सुटली, चूल पेटली नाही, अख्खा तालुका लोटला. पण द्रासच्या डोंगरावरून गावच्या वेशीपर्यंत यायला मध्ये काही दिवस गेलेले असतात. दगडावर तो पडला ती तारीख हवी. घरच्यांना दुसरी तारीख जवळची वाटत असेल तर श्राद्ध त्यांनी तिथीप्रमाणे करावं, त्यात आपण पडायचं नाही.

पदकांचंही तसंच. ऑपरेशन विजय स्टार हे त्या मोहिमेत असलेल्यांना मिळालेलं पदक, शौर्यपदक नव्हे. गावात त्या ‘स्टार’चं बघता बघता वीरचक्र होतं आणि मग कुणीतरी जाणकार सगळ्यांसमोर चूक दाखवतो. मान खाली जाते ती वहिनींची. आणि ‘शहीद’ हा शब्द सैन्याच्या कागदात नाही. आपल्या भाषेत ‘धारातीर्थी पडले’ असा इतका चांगला शब्दप्रयोग असताना तो उसना आणायची गरज मला तरी वाटत नाही.

आता दगड. पुतळ्याच्या नादाला लागू नकोस. पुतळा म्हटला की जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, त्यासाठीचे दाखले, आणि शेवटी चेहरा जुळत नाही तो नाहीच. साधा स्तंभ किंवा उभी शिळा कर. ग्रामसभेचा ठराव घे, जागेचा उतारा बघ. एसटी थांब्याजवळची जागा सगळ्यांना आवडते, पण रस्ता रुंद व्हायला निघाला की पहिला बळी स्मारकाचाच. शाळेच्या आवारात किंवा चावडीच्या आतल्या बाजूला बांध.

तुमच्याकडची जमीन काळी. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. तिच्यावर नुसता चौथरा चढवलास तर दोन पावसाळ्यांत तडा ठरलेला. मुरूम लागेपर्यंत खोद, तळाला सहा इंच १:४:८ चं (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट घाल, मग वर ये. चौथऱ्याच्या माथ्याला थोडा उतार ठेव म्हणजे पाणी साचणार नाही. शिळा काळ्या ग्रॅनाइटची घे. संगमरवर पहिल्या दिवशी देखणा दिसतो, मग पावसानं काळवंडतो, आणि कुणीतरी उत्साही माणूस त्याला ॲसिड लावून अक्षरं खाऊन टाकतो. पितळी पत्रा चोरीला जातो. ग्रॅनाइटची उभी फरशी नुसत्या सिमेंटवर चिकटवू देऊ नकोस, मागून स्टीलच्या पिना मारून घे, नाहीतर एक दिवस ती सरळ खाली येते. अक्षरं कोरूनच हवीत, निदान तीन मिलिमीटर खोल. रंग उडाला तरी बोट फिरवून वाचता आलं पाहिजे.

हल्ली अक्षरं मशीन कापतं आणि मजकूर जातो कंप्युटरवरून. तिथं फॉन्ट बदलला की रफार भलत्याच अक्षरावर बसतो, जोडाक्षर फुटतं, वेलांटी मागच्या अक्षराला चिकटते. म्हणून मोबाइलवरचा फोटो पाहून ‘ओके’ म्हणू नकोस. खऱ्या मापाचा कागद छापून घे, भिंतीला लाव आणि दहा फुटांवरून शाळेतल्या चौथीच्या पोराला वाचायला लाव. ते जिथं अडखळेल तिथं दुरुस्ती.

नावाखाली थोडी जागा कोरी सोड. हे बोलायला कुणालाच बरं वाटत नाही, पण गावातली पोरं अजून भरतीला धावतायत. शिवाय बासष्ट, पासष्ट, एकाहत्तरचं एखादं विसरलेलं नाव शोधल्यावर सापडतं. आणि कोनशिला मागच्या बाजूला! उद्घाटक, प्रमुख पाहुणे, सरपंच, उपसरपंच आणि समस्त मंडळी यांची नावं त्याच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत झालेली स्मारकं तू आणि मी पुरेशी पाहिलीत.

कारागिराच्या आधी वहिनींकडे जा, आणि हार-तुरे न घेता जा. त्यांची पेन्शन एकदा नीट तपासून घे. युद्धात कामी आलेल्याच्या पत्नीला उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन असतं, म्हणजे शेवटच्या वेतनाइतकं. सेवेच्या कारणानं मृत्यू आला पण लढाईत नाही, तर विशेष, साठ टक्के. साधं कुटुंब निवृत्तिवेतन तीस टक्के. पीपीओवर कुठला प्रकार लिहिलाय, आणि प्रत्येक वेतन आयोगानंतर सुधारित पीपीओ आला का, हे बघ. स्पर्शवर, म्हणजे संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवर, लॉगिन केलं की दिसतं. लॉगिन बहुधा भाच्याच्या मोबाइलवर असतं आणि भाचा पुण्याला. नंबर त्यांचा स्वतःचा घालून घे.

दुसरी अडचण खास आपल्याकडची. लग्नात नाव बदलायची रीत. रेकॉर्डला माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच काहीतरी. चालू आहे तोवर चालतं; मग एक दिवस पडताळणीत नाव जुळत नाही आणि पेन्शन थांबते. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, आधार, लग्नाचा दाखला किंवा ग्रामपंचायतीचा दाखला, हे सगळं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला जातं. तिथं नोंद दुरुस्त झाली की मग पीपीओ. मधल्या काळात प्रत्येक कागदाची झेरॉक्स आणि पोचपावती एका फायलीत ठेव.

हयातीचा दाखला दर वर्षी. जीवन प्रमाण, म्हणजे तोच दाखला ऑनलाइन, भरताना वितरण करणारी संस्था म्हणून लोक सवयीनं आपली बँक निवडतात. पेन्शन स्पर्शकडे गेलेली असेल तर तिथं ‘स्पर्श – पीसीडीए (पेन्शन्स) अलाहाबाद’ निवडायचं. चुकीची संस्था निवडली तरी दाखला तयार होतो, मोबाइलवर संदेशही येतो. फक्त तो जायला हवा तिथं जात नाही. भांगलणी करून बोटांचे ठसे झिजलेले असले तर यंत्र घेत नाही. मग चेहऱ्यावरून ओळख पटवणारं ॲप आहे, उजेडात बसवून ते वापर.

कार्यक्रमाचं बोलू. बिगुलवाला हवा असेल तर निदान महिनाभर आधी सैनिक कल्याण कार्यालयाकडून जवळच्या स्टेशन मुख्यालयाला पत्र जाऊ दे. नाहीच जमलं तर पोलिसांकडे विचार. रेकॉर्डिंग लावावंच लागलं तर फोन विमान मोडवर टाक, लास्ट पोस्टच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या बिगुलाच्या, मधोमध व्हॉट्सॲपची टिंगटिंग ऐकू यायला नको. क्रम साधा: पुष्पचक्र, लास्ट पोस्ट, दोन मिनिटं मौन, मग राऊज, म्हणजे मौन संपल्याचा बिगुल. भाषणं त्यानंतर, आणि कमी. मौन घड्याळ लावून पुरं दोन मिनिटं. सूत्रसंचालकाला चाळीस सेकंदांतच घसा खाकरायची घाई होते.

शिळेवर तिरंगा झाकून अनावरण करायचं नाही. ध्वजसंहितेत ते स्पष्ट आहे: ध्वज वेगळा, मानाच्या जागी; झाकायला साधं कापड. तुझी पदकं डाव्या छातीवर, त्याची पदकं घरचं कुणी लावणार असेल तर उजव्या. टोपी नसेल तर सॅल्यूट नाही, सावधान उभं राहायचं.

आणि वहिनी पहिल्या रांगेत. साडी-नारळ देऊन मागच्या खुर्चीवर बसवायची पद्धत मोडून टाक. दीप त्यांच्या हातून लागू दे. कुणी नाक मुरडलं तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, तो सांग. जमलं तर त्यांना एकदा दिल्लीला घेऊन जा. राष्ट्रीय युद्ध स्मारकात त्यागचक्राच्या ग्रॅनाइटवर त्याचं नाव आहे, तिथल्या पडद्यावर शोधलं की जागा सापडते. रोज संध्याकाळी तिथं एका वीराच्या घरच्यांच्या हस्ते पुष्पचक्र वाहिलं जातं; त्यासाठी आधी कळवावं लागतं.

तुझ्या पत्रातली शेवटची ओळ मी दोनदा वाचली. ‘जुलै लागला की झोप उडते.’ हे इतकं सहज लिहून पुढं पावसाची चौकशी केलीस. अरे, शरीर तारीख धरून ठेवतं. त्या दिवसाच्या दोन-तीन आठवडे आधीपासून चिडचिड, दचकणं, स्वप्नं सुरू होतात. यात भित्रेपणा नाही आणि वेडही नाही. रम घेतली की डोळा लवकर लागतो हे खरं, पण रात्री दोन-तीनला तीच रम उठवते, आणि त्यानंतरची झोप तुकड्या-तुकड्यांची. कॅन्टीनचा कोटा आहे म्हणून तो संपवलाच पाहिजे असा काही आदेश नाही. १४४१६ वर टेली-मानसला, सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन कर, मराठीत बोलता येतं. पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात, सैन्यासाठी त्याचा वेगळा कक्ष डिसेंबर २०२३ पासून आहे. ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमधून मनोविकारतज्ज्ञाकडे रेफरल मिळतं. गोळ्या दिल्या तर त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. चौथ्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून, किंवा बरं वाटलं म्हणून, आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. म्हणजे जूनच्या आतच जायला हवंस. आणि त्या दिवशी सूत्रसंचालन तू करू नकोस. मास्तरांना दे. तू फक्त पुष्पचक्र वाहा.

पाय गेलेला आपला दोस्त येणार म्हणालास. कृत्रिम पायावर तासभर उभं राहायला सांगू नका, खुर्ची ठेवा आणि तिचा गाजावाजा नको. दिवस चढतो तसा खुंटाचा, म्हणजे उरलेल्या पायाचा, आकार कमी होतो आणि सॉकेट, म्हणजे खुंट बसतो तो साचा, ढिला पडतो. सोबत खुंटावर चढवायचे जादा मोजे ठेवायला सांग. पावसात मोजा ओला राहिला की कातडी सोलवटते. रोजच जाड मोज्यांचे थर चढवावे लागत असतील तर सॉकेटच बदलायला झालाय. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात जायला त्याला तू लाव, माझं तो ऐकत नाही.

मजकूर ठरला की कारागिराकडे पाठवण्याआधी मला पाठव. त्याच्याही आधी वहिनींना मोठ्यानं वाचून दाखव, नंबरासकट, सावकाश. मान हलवली तेवढ्यावर जाऊ नकोस. त्यांच्याकडून परत वाचून घे.

तुझाच,
दुसरा गणपत

ता. क. कारागिराला इसार देताना पावतीवर लिहून घे, मजकुरात त्याच्याकडून चूक झाली तर शिळा त्यानं बदलून द्यायची.