समुद्राच्या वरच्या पापुद्र्याचीही मोजणी व्हावी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अरबी समुद्राच्या वाढत्या तापमानाविषयी आपल्या दैनिकात अलीकडे प्रसिद्ध झालेल्या लेखात ‘उपग्रह समुद्राचे तापमान मोजतात’ असे एक विधान आहे. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे, आणि त्या अपुरेपणात एक महत्त्वाचा विषय राहून गेला, म्हणून हा पत्रप्रपंच. अवरक्त किरणांवर चालणाऱ्या उपग्रहांतील उपकरणांना समुद्राचा केवळ वरचा पापुद्रा दिसतो, ज्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास असते. बाष्पीभवनामुळे आणि सतत निसटणाऱ्या उष्णतेमुळे हा पापुद्रा लगतच्या खालच्या पाण्यापेक्षा बहुधा एक-दोन दशांश अंशांनी थंड असतो. समुद्रात तरंगत ठेवलेले तापमापक मात्र त्याखालचे पाणी मोजतात, त्यामुळे दोन्हींचे आकडे जुळवताना ही तफावत हिशेबात धरावी लागते. दशांश अंशाने काय बिघडते, असे वाटणे साहजिक आहे. पण समुद्राच्या ज्या तापमानवाढीची आपण चिंता करतो, तीही दर दशकाला दशांश अंशांतच मोजली जाते.

तापमान ही त्यातली एक बाब झाली. हवा आणि समुद्र जेथे भिडतात तेथील हा थर, एकूण धरला तरी मिलिमीटरहून पातळ, घडणीनेही खालच्या पाण्याहून वेगळा असतो. सूक्ष्म शैवाल आणि जिवाणू यांच्यापासून आलेली मेदद्रव्ये, प्रथिने आणि चिकट शर्करा बुडबुड्यांबरोबर वर येऊन तेथे साठतात. आमच्या बडोद्यातील सुरसागर तलावाच्या काठी वाऱ्याच्या वेळी उभे राहिल्यास, सगळीकडे बारीक लहरी उठत असताना मध्येच काही पट्टे गुळगुळीत राहिलेले दिसतात; तेथे असाच तवंग असतो आणि तो लहान लहरींना उठू देत नाही. समुद्रावर याचा परिणाम दूरवर पोहोचतो. लहरी दबल्या की हवा आणि पाणी यांच्यातील वायूंची देवघेव मंदावते, आणि माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा जो सुमारे चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो, तो याच थरातून आत जातो. उलट दिशेने, लाटांतील बुडबुडे फुटताना मिठाबरोबर येथील सेंद्रिय द्रव्यही हवेत उडते आणि त्या कणांवर ढगांतील थेंब धरतात.

या शास्त्राच्या उभारणीत एका पत्राचा वाटा आहे, हे आपल्याला संपादक या नात्याने आवडेल. जर्मनीतील आग्नेस पॉकेल्स या बाईंनी घरच्या स्वयंपाकघरात पाण्याच्या पृष्ठताणावर प्रयोग केले, ते इंग्लंडमधील भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्राने कळवले, आणि रॅले यांच्या शिफारशीवरून ‘नेचर’ या विज्ञानविषयक नियतकालिकाने ते पत्र 1891 मध्ये छापले.

बडोद्याला समुद्र नाही, मग हा विषय येथून कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु शहरातून वाहणारी विश्वामित्री ढाढर नदीला मिळून खंबातच्या आखातातच जाते, आणि शहराभोवतीच्या कारखान्यांचे सांडपाणीही प्रक्रियेनंतर लांबच्या कालव्याने मही नदीच्या मुखाशी सोडले जाते. तेले, जड धातू, कीटकनाशके आणि प्लॅस्टिकचे बारीक कण खालच्या पाण्यापेक्षा या थरात अनेकदा कितीतरी पट अधिक दाटीने आढळतात, आणि अनेक सागरी माशांची अंडी तरंगत नेमकी तेथेच येतात. बाटली पाण्यात बुडवून भरलेल्या नमुन्यात हा थर जवळपास येतच नाही. दशांश मिलिमीटर जाडीचा थर एक चौरस मीटरवरून गोळा केला तरी जेमतेम शंभर मिलिलीटर भरतो. मग बाटलीच्या तोंडातून त्यातले येणार किती?

त्यासाठी वेगळी रीत आहे आणि ती मुळीच खर्चिक नाही. स्वच्छ काच उभी धरून पाण्यात बुडवायची, सावकाश वर काढायची, खालचे पाणी निथळू द्यायचे आणि काचेला चिकटून राहिलेला थर रबरी पट्टीने निपटून बाटलीत घ्यायचा. दर खेपेस थोडेच मिलिलीटर हाती लागतात, त्यामुळे यात चिकाटीच अधिक लागते. आखातातील जबर भरती-ओहोटीत हा थर टिकत असेल का, ही शंका रास्त आहे. तो मोडतो खरा, परंतु फुटणारे बुडबुडे पुन्हा द्रव्य वर आणत असल्याने तो लवकरच नव्याने जमतो. तेव्हा भरती थांबून ओहोटी लागण्यापूर्वीच्या निवांत पाण्यात नमुने घेता येतील. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आधी सुरसागरावर हात बसवून मग महीच्या मुखाशी जावे, असे मला सुचवावेसे वाटते. सांडपाण्याच्या तपासणीतही एकाच जागचे, एकाच वेळचे दोन नमुने, एक वरच्या थराचा आणि एक त्याखालचा, घेऊन त्यांचे निष्कर्ष वेगवेगळ्या रकान्यांत द्यावेत. सरासरी काढू नये. आणि पाण्याच्या गुणवत्तेचे अहवाल छापताना नमुना किती खोलीवरून घेतला होता, तेवढे आपल्या वार्ताहरांनी आवर्जून विचारावे, ही विनंती.

आपला नम्र,
रसायनशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, बडोदे