वाचनालयातल्या बाईंना, पावसाळ्याच्या निमित्ताने

आदरणीय बाई,

स. न. वि. वि.

तुमचं नाव असं चारचौघांत घेतलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून नुसतं ‘बाई’ म्हणते. परळच्या आमच्या भागात ज्यांची पोरं दर शनिवारी वाचनालयात येतात, त्यांना मी कुणाबद्दल लिहितेय ते लगेच कळेल.

माझी लेक सहावीत आहे. गोष्टींच्या पुस्तकांचा फडशा पाडते, पण माहितीचं पुस्तक हातात दिलं की पहिल्या ओळीपासून मान खाली घालून सुरुवात आणि तिसऱ्या पानावर जांभई. विज्ञानाच्या धड्याचंही तेच. आधी खालचे प्रश्न बघायचे, धड्यातली नेमकी ओळ हुडकायची, वहीत उतरवायची. मार्क पडतात, त्यामुळे कुणाची तक्रारही नसते.

मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही हवामानाची पुस्तकं बाहेर काढलीत, तेव्हा मी मागच्या बाकावर बसले होते. (खरं सांगायचं तर तुमच्याकडच्या पंख्याखाली.) तुम्ही एक पान उघडलंत, मजकुरावर कोरा कागद ठेवलात आणि फक्त मथळा, आकृती आणि तिच्याखालची ओळ उघडी सोडलीत. म्हणालात, “आता सांगा, या पानाला काय सांगायचंय?” सह्याद्रीचा उभा छेद होता तो. समुद्राकडून आलेले बाण, घाट चढताना गडद होत गेलेले ढग, पलीकडच्या उताराला फिका पिवळा रंग. पोरांनी एक ओळ न वाचता सांगितलं, की वारा बाष्प घेऊन येतो, डोंगर आडवा आला की वर चढतो, वर थंड होतो आणि पाऊस अलीकडेच पडून जातो. पण पलीकडे तो का उरत नाही यावर जुंपली. कुणी म्हणे पाणी संपतं, कुणी म्हणे वारा थांबतो. तेव्हा कुठे तुम्ही कागद उचललात. खाली उतरणारी हवा तापते आणि ढग विरतात, हे त्या परिच्छेदात होतं, आणि तो सगळ्यांनी अधाशासारखा वाचला. वाईकडचा एक मुलगा म्हणाला, “म्हणूनच महाबळेश्वरला धो धो आणि आमच्याकडे भुरभुर!” त्यानंतर त्याला पर्जन्यछायेचा प्रदेश पाठ करायची गरजच उरली नाही.

आणि तो पावसाच्या आकड्यांचा तक्ता. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीची कहाणी मुंबईत घरोघरी आहे. आमच्याकडे दर पावसाळ्यात लेकीच्या बाबांच्या त्या दिवशीच्या पायपिटीचं पारायण होतं. त्यामुळे तक्त्यात सांताक्रूझच्या ९४४ मिलिमीटरसमोर २७ जुलै ही तारीख दिसल्यावर लेक उसळलीच, “बाई, छापताना चुकलंय!” तुम्ही काही बोलला नाहीत. आकड्याला चिकटलेल्या बारीक चांदणीवर बोट ठेवलंत आणि तेच बोट पानाच्या तळाशी नेलंत. तिथे टीप होती, की आदल्या दिवशी सकाळी साडेआठपासून त्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांतला हा पाऊस आहे, आणि तो मोजणीच्या दिवसाच्या नावावर पडतो. त्याच तक्त्यात कुलाब्यासमोर होते फक्त ७३.४ मिलिमीटर. मग नकाशा उघडला गेला, प्रमाणपट्टी धरून अंतर मोजलं गेलं. दोन वेधशाळांत जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर. शेजारच्या चौकटीत लिहिलं होतं, की १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटर जागेवर १ लिटर पाणी. लेकीने घरी येऊन हिशेब मांडला. आपल्या मोरीएवढ्या जागेवर पाचशे लिटरच्या जवळजवळ दोन टाक्या! बाबांची पायपीट तिने त्या दिवशी पहिल्यांदा मन लावून ऐकली.

एरवी टीप, चौकट, सूची, शेवटची शब्दार्थांची पानं हे सगळं आपण मोठी माणसंही ओलांडूनच जातो. मी तरी जात होते.

पण मला सगळ्यात जास्त आवडलं ते तुमचं क्रियापदांचं तंत्र. तुम्ही टेबलावर कात्रणं मांडलीत. हवामान खात्याचं पत्रक, विजेपासून बचावाची पुस्तिका, रेनकोटची जाहिरात, ढग कसे बनतात यावरचा लेख. आणि विचारलंत, लिहिणाऱ्याला तुमच्याकडून काय हवंय? पोरं गप्प. तेव्हा म्हणालात, क्रियापदं अधोरेखित करा. लेखात निघालं ‘बनतो, तापते, वाहतात’. पुस्तिकेत ‘थांबू नका, टाळा, घरात जा’. जाहिरातीत ‘आजच घ्या’. एक जण समजावतोय, एक जण जीव वाचवू बघतोय, एक जण माल खपवतोय. माझ्या लेकीने हुज्जत घातली, की पुस्तिकेत वीज कशी पडते तेही आहे, मग ती समजावणारी का नाही? तुम्ही तिचं म्हणणं मान्य केलंत. एका मजकुराचे दोन हेतू असू शकतात, कुठला वरचढ ते मथळा आणि ठळक अक्षरं सांगतात, असं म्हणालात. मला वाटतं, हा भाग बऱ्याच ठिकाणी ‘माहिती देणे, पटवणे, रंजन करणे’ असे तीन कप्पे करून उरकला जातो. तुम्ही उरकला नाहीत.

याच वेळी इशाऱ्यांचे रंगही आले. रेड अलर्ट म्हणजे ‘खूप पाऊस’ एवढंच मी आजवर समजत होते. तुमच्या पत्रकात रंगांची सूची होती. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. हिंदमाताला पाणी भरतं त्या आम्हा लोकांना या चार ओळी शाळेतच शिकवायला हव्या होत्या.

आमच्या आजोबांचं तुम्हाला सांगायलाच हवं. ते दिनदर्शिकेत नक्षत्राचं वाहन बघतात. बेडूक किंवा म्हैस असली की खूश, कोल्हा असला की पाऊस ओढ देणार म्हणून नाराज. लेक त्यांना हसेल अशी मला धास्ती होती. तिने उलट विचारलं, “आजोबा, हे कुणासाठी लिहायचे?” मग पेरणी, मृग, आर्द्रा, गावची भातखाचरं असं तासभर चाललं. वाहनावरून पाऊस ठरतो हे तिला पटलेलं नाही, आणि तसं तिने त्यांना तोंडावर सांगितलंही. आजोबा रागावले नाहीत, हे विशेष.

परवा मात्र माझीच परीक्षा झाली. ‘आज रात्री मुंबईत ढगफुटी, सर्वांना कळवा’ असा मेसेज आला. मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकणार, तेवढ्यात लेकीने फोन हातातून घेतला. “तारीख कुठाय? कुणी लिहिलंय? आणि क्रियापद बघ, ‘कळवा’. त्याला आपण फक्त पुढे पाठवायला हवंय.” आम्ही हवामान खात्याचं पत्रक उघडलं. मुंबईला पिवळा इशारा होता.

तुम्ही यंदा निवृत्त होताय असं कळलं. शनिवारचं पुढे काय, हे पोरं मला विचारतायत. नव्या येणाऱ्या बाईंना तेवढं सांगून ठेवाल का? आणि तो कोरा कागद मजकुरावर कधी ठेवायचा आणि कधी उचलायचा, हेही दाखवून ठेवा. कात्रणं जमवायचं काम आम्ही चार-पाच आया वाटून घेऊ, बोलणं झालंय.

तुमचे मनापासून आभार.

आपली,
सहावीतल्या एका हुज्जतखोर मुलीची आई
परळ, मुंबई