जुनी जर्मन सलून गाडी आणि नागपूरचे ऊन

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पंधरा-वीस वर्षांच्या मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी अशा मोठ्या सलून (सेडान) गाड्या नागपुरात आता नव्या छोट्या गाडीच्या किमतीत, कधी त्याहूनही कमीत मिळतात. जाहिरातीत ‘फक्त ४५ हजार किमी, एकहाती वापर’ असे लिहिलेले असते आणि गिऱ्हाईक त्या आकड्यावर भुलते. या वर्गाच्या गाड्यांत तो आकडा फारसा कामाचा नाही. वेळेवर चांगले तेल मिळाले तर त्यांची बहुतेक इंजिने लाखो किलोमीटर काढतात. आधी जाते ते रबर, प्लॅस्टिक आणि वायरचे आवरण. उष्णतेने आणि वयाने ते कडक होते आणि तडकते. मे महिन्यात ४५-४६ अंशांत पत्र्याच्या शेडखाली उभी असलेली गाडी एकही किलोमीटर न चालता म्हातारी होत असते. म्हणून आपल्याकडे अशा गाडीची देखभाल कॅलेंडर पाहून करावी, मीटर पाहून नव्हे.

खरेदीच्या किमतीएवढी रक्कम पहिल्या वर्षाच्या कामासाठी बाजूला ठेवता येत नसेल तर त्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय ती रक्कम कोणत्या क्रमाने खर्च होते यावर पुढचे सगळे ठरते. बहुतेक जण आधी पॉलिश, सीट कव्हर आणि मोठी स्क्रीन बसवतात आणि एप्रिल उजाडला की गाडी टोचन करून आणतात.

पहिला पैसा कूलिंगवर. या गाड्यांच्या रेडिएटरची जाळी ॲल्युमिनियमची असली तरी दोन्ही टोकांच्या टाक्या प्लॅस्टिकच्या असतात. वरचा होज जिथे बसतो ती मान ठिसूळ होते आणि एक दिवस क्लॅम्प सैल करताना तुकडाच हातात येतो. रेडिएटर, एक्स्पान्शन टाकी, तिचे झाकण, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, होज आणि बेल्ट यांचे वय माहीत नसेल तर सगळे एकाच वेळी बदलावेत. जे फुटले तेवढेच बदलायचे, हा आपला रिवाज इथे नडतो. एक भाग नवा बसला की यंत्रणा पुन्हा पूर्ण दाब धरते आणि त्या दाबाने शेजारचा जुना भाग फुटतो.

झाकणाकडे कोणी पाहत नाही. अनेक मर्सिडीजमध्ये ते साधारण १.४ बार दाब धरते. त्या दाबाला साधे पाणीसुद्धा १२५ अंशांच्या आसपास उकळते. झाकणाचे रबर गेले की दाब टिकत नाही, पाणी शंभरलाच उकळते, काटा लालकडे जातो आणि ॲल्युमिनियमचे हेड वाकते. सगळ्यांत स्वस्त भागाने सगळ्यांत महाग काम निघते ते असे. झाकण गरम इंजिनवर कधीही उघडू नये, हे सांगायलाच हवे.

कूलंट निम्मे आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे. बोअरचे पाणी नको, त्यातला क्षार आत थर धरतो. ‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो’ म्हणून नुसते पाणी घालणारे मेकॅनिक अजून भेटतात. कूलंट गोठणे रोखते तसेच गंजही रोखते आणि उकळण्याचा बिंदू वर नेते. रंग जुळवून भर घालण्यातही अर्थ नाही, रंग प्रत्येक उत्पादक आपल्या मर्जीने देतो. जुन्या मर्सिडीजसाठी बाटलीवर ३२५.० हा मंजुरी क्रमांक आहे का ते पाहावे.

गाडी गरम होते, पण कधी होते यावरून दोष ओळखता येतो. वर्धा रोडवर काटा जागेवर आणि बर्डीच्या सिग्नलला चढतो, तर पंख्यावर संशय घ्यावा. इंजिन चांगले तापल्यावर बंद करून पंखा हाताने फिरवावा. अडखळत फिरला तर ठीक, भिरभिरत राहिला तर पंख्याला इंजिनाशी जोडणारा व्हिस्कस क्लच गेला. उलट, गावात ठीक आणि मोकळ्या रस्त्यावर वेगात काटा चढत असेल तर रेडिएटर बुजलेला असण्याची शक्यता जास्त. मर्सिडीजच्या डब्ल्यू १२४ मालिकेत (नव्वदीतली ई क्लास) एसीच्या इलेक्ट्रिक पंख्याला दोन वेग असतात आणि कमी वेग एका रेझिस्टरवर चालतो. तो जळला की पंखा फक्त इंजिन फार तापल्यावर फिरतो. मग सिग्नलला एसी गरम हवा देतो, गॅस कमी झाला म्हणून गॅस भरला जातो आणि दोष तसाच राहतो.

याच मालिकेची गोष्ट निघाली आहे तर: १९९२ ते १९९५ या काळातल्या अनेक मर्सिडीजच्या इंजिनावरच्या वायरिंगचे आवरण ठिसूळ होऊन गळून पडते. वायरी एकमेकींना लागतात, इंजिन थरथरते आणि गिऱ्हाईक प्लग, कॉइल, सेन्सर बदलत बसते. वायरिंगचे जाड कव्हर थोडे मागे सारून आतली वायर वाकवून पाहावी. तडकली तर पूर्ण हार्नेस, म्हणजे वायरिंगचा सगळा संच, बदलण्याला पर्याय नाही, टेप गुंडाळून दोन महिने ढकलता येतील इतकेच.

दुसरा खर्च गिअरबॉक्सचा. १९९६ नंतरच्या कितीतरी मर्सिडीजमध्ये ७२२.६ हा पाच गिअरचा ऑटोमॅटिक आहे. त्याचे तेल आयुष्यभर बदलावे लागत नाही असे एके काळी सांगितले गेले, आणि आपल्याकडे ते आजही प्रमाण मानले जाते. ते मानू नये. पॅन, फिल्टर, गॅसकेट आणि तेल हे काम साधारण ६० हजार किलोमीटर किंवा चार-पाच वर्षे, जे आधी होईल तेव्हा करावे. पॅन काढल्यावर चारेक लिटर तेल निघते, उरलेले टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहते. त्याच वेळी बाजूच्या १३ पिनांच्या कनेक्टरच्या ओ-रिंगा (रबरी कड्या) बदलाव्यात. त्या गळू लागल्या की तेल वायरीतून वर चढत थेट कंट्रोल युनिटपर्यंत पोचते. पातळी ८० अंश तापमानाला, चालू इंजिनवर, वेगळ्या मोजपट्टीने पाहायची असते. गाडीत ती नसते. ‘अंदाजाने टाकले’ म्हणणाऱ्याकडून गाडी परत आणावी.

घेण्याआधी या तेलाचा रंग जरूर पाहावा. २००३ च्या आसपासच्या काही डब्ल्यू २११ (डब्ल्यू १२४ नंतरच्या पिढीतली ई क्लास) गाड्यांत रेडिएटरच्या आत बसवलेला तेलाचा कूलर फुटतो आणि कूलंट गिअरबॉक्समध्ये जाते. तेल लालऐवजी गुलाबी दुधासारखे दिसले तर सौदा तिथेच थांबवावा.

डब्ल्यू २११ मध्ये आणखी काही ठिकाणे जपण्यासारखी आहेत. २००६ पर्यंतच्या गाड्यांत एसबीसी नावाची इलेक्ट्रॉनिक ब्रेक यंत्रणा आहे. तिच्या पंपात वापराची मोजणी होत असते, मर्यादा गाठली की युनिट बदलायचा इशारा येतो. पॅड बदलण्याआधी ही यंत्रणा स्कॅनरने निष्क्रिय करणे सक्तीचे समजा. गाडी अनलॉक झाली किंवा दार उघडले तरी ती जागी होऊन पिस्टन जोरात बाहेर ढकलते, त्यात बोटे सापडतात. कोपऱ्यावरच्या पॅडवाल्याला हे ठाऊक असेलच असे नाही. २००४ ते २००८ दरम्यानच्या एम २७२ व्ही६ पेट्रोल इंजिनांपैकी अनेकांत बॅलन्स शाफ्टची चाकी झिजते. स्कॅनरवर १२०० किंवा १२०८ कोड दिसला तर इंजिन खाली उतरवण्याचा खर्च धरावा. ओएम ६४२ व्ही६ डिझेलमध्ये ऑइल कूलरची सील कडक होऊन इंजिनाच्या मधल्या खळग्यात तेल साचते. सील अगदी किरकोळ किमतीची, पण तिथवर पोचायला इनटेक आणि टर्बो काढावे लागतात. सुधारित जांभळी सील घ्यावी, जुनी केशरी पुन्हा बसवू नये.

हवेचे सस्पेन्शन असलेल्या गाडीत, डब्ल्यू २२० एस क्लासमध्ये तर ते बहुतेकदा असते, रात्री उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात बसलेली दिसली की गळती आहे. साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. गळती चालू ठेवली तर कॉम्प्रेसर सतत पळतो, त्याच्या रिलेचे पॉइंट चिकटतात आणि कॉम्प्रेसर जळतो. म्हणून कॉम्प्रेसरसोबत रिलेही नवीनच. हवा काढून स्प्रिंग बसवून देतो असे सांगणारे बरेच आहेत. गाडी चालेल, पण ज्या आरामासाठी ती घेतली तो उरणार नाही.

सुटे भाग चेसी नंबर देऊनच मागवावेत, ‘दोन हजार पाचची ई क्लास’ एवढ्यावर नाही. एकाच वर्षात दोन-दोन प्रकार बसलेले असतात. दिल्लीचे काश्मिरी गेट, मुंबईचे कुर्ला इथे माल मिळतो, पण सस्पेन्शनचे आर्म, इंजिन माउंटिंग, प्रॉपेलर शाफ्टची रबरी डिस्क यांत निनावी माल घेऊ नये. आपल्या उन्हात तो वर्षभरही तग धरत नाही. माउंटिंग नेहमी जोडीने, गिअरबॉक्सच्या माउंटिंगसह बदलावी.

पेट्रोल गाडीवाल्यांसाठी ई२० चा, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा, प्रश्न वेगळा आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते, तेव्हा ॲव्हरेज थोडे घटणारच, त्यावर औषध नाही. काळजी आहे ती जुन्या रबरी पाइपांची. बोनेटखालचे पेट्रोलचे पाइप इंजेक्शन गाडीसाठीच्या, इथेनॉल सोसणाऱ्या जातीचे, म्हणजे एसएई जे३० आर९ असे छापलेले घ्यावेत. कार्बोरेटरवाला स्वस्त पाइप तीन-चार बारच्या दाबाला लावणे म्हणजे आगीला आमंत्रण. इथेनॉल ओलावा ओढते, म्हणून महिनोन्‌महिने उभी राहणारी गाडी अर्ध्या टाकीवर ठेवू नये.

समृद्धीवर जाणाऱ्यांनी टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचावेत. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा वर्षांवरचा टायर तापलेल्या काँक्रीटवर ताशी १२० च्या मर्यादेला चालवू नये. हवा सकाळी, टायर थंड असताना, पेट्रोलच्या झाकणामागच्या तक्त्याप्रमाणे भरावी. उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची ही समजूत उलटी आहे, कमी हवेने टायर जास्त वाकतो आणि जास्त तापतो. ब्रेकचे तेल दर दोन वर्षांनी, गाडी चालो वा न चालो.

राहिले कागद. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. अर्ज नमुना २५ मध्ये, मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत. १ एप्रिल २०२२ पासून हे शुल्क चारचाकीसाठी ५,००० रुपये झाले, उशीर झाल्यास दरमहा ५०० रुपये वर. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या गाडीला १०,००० रुपये लागतात. मात्र आयात गाडीला हेच आकडे ४०,००० आणि ८०,००० आहेत. १९९५ पासून पुण्यात जुळवलेल्या मर्सिडीज या वर्गात येत नाहीत, तेव्हा आरसीवर नोंद काय आहे ते व्यवहाराआधी पाहावे. पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर आलेल्या बंधनांमुळे तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. त्यांना तिथल्या आरटीओची एनओसी, इथला रस्ता कर आणि एमएच ३१ किंवा ४९ चा नवा नंबर लागतो. एनओसी हातात पडेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नयेत आणि चेसी नंबर आरसीशी स्वतः ताडून पाहावा.

आपला,
एक वाचक, नागपूर