पोरं टिकत नाहीत, याचे कारण शेडमध्येच शोधा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कुपवाड किंवा मिरजेच्या औद्योगिक वसाहतीत हल्ली कोणत्याही कारखानदाराशी पाच मिनिटे बोला, एकच तक्रार ऐकू येते. स्थानिक पोरं टिकत नाहीत, अंग चोरतात, चार पैसे जास्त मिळाले की शेजारच्या शेडमध्ये निघून जातात. मी चौतीस वर्षे याच भागातल्या मशीनशॉपमध्ये काढली. ऑपरेटर म्हणून लागलो, पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. तक्रार खोटी नाही. पण तिचे खापर पोरांच्या स्वभावावर फोडणे मला पटत नाही, म्हणून हे पत्र.

एका कारखान्यातली गोष्ट सांगतो. तिथे पंपाचे सुटे भाग टर्निंग करून, म्हणजे लेथवर कातून, देण्याचे काम चाले. बोअर, म्हणजे भागातले भोक, मापापेक्षा मोठा झाला, पीस रिजेक्ट झाला की त्याची किंमत ऑपरेटरच्या पगारातून कापायची, असा मालकांचा नियम होता. चूक मशीनची की माणसाची, हे कोणी विचारत नसे. खरे तर नुकसानीपोटी कपात करण्याआधी कामगाराला आपली बाजू मांडू द्यावी, असे १९३६ चा वेतन कायदा सांगत होता. पण शेडपर्यंत तो कधी पोचलाच नाही. कागदावर आमचे रिजेक्शन नगण्य असे आणि गिऱ्हाइकाकडून माल मात्र परत येई. एका वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर शेडमागचे गटार उपसायला घेतले, तर गाळाखालून पीसच पीस निघाले. एका पोराला बाजूला घेऊन विचारले. तो म्हणाला, "दावला तर पगार कापत्यात साहेब. न्हाई दावला तर आजचा दिस तरी निभावतो." मी त्याला लबाड म्हणालो. त्याची खंत मला आजही आहे, कारण त्या पोराला लपवायला आमच्याच नियमाने शिकवले होते.

पुढे दुसरीकडे लागलो. तिथल्या मालकांनी कपात बंद केली होती आणि प्रत्येक मशीनजवळ लाल पेटी ठेवली होती. बिघडलेला पीस त्यात टाकायचा, काय झाले ते खडूने लिहायचे, शिक्षा नाही. पहिल्या महिन्यात पेट्या भरभरून वाहू लागल्या. मी घाबरलो, मालक घाबरले नाहीत. पीस समोर दिसू लागल्यावर कळले, की निम्म्याअधिक ठिकाणी कास्टिंगमध्येच, म्हणजे बाहेरून ओतून आलेल्या भागातच, पोकळ्या होत्या. दोष फौंड्रीतून येत होता आणि पहिल्या कारखान्यात अशा दोषांचे पैसे आम्ही पोरांकडून वसूल करत होतो.

नोकरी करता करता मी संध्याकाळच्या वर्गातून व्यवस्थापनाचा डिप्लोमा केला. 'संघटनात्मक वर्तन' हा पेपर होता. अमेरिकेत शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून झालेले प्रयोग त्यात शिकवत. उजेड वाढवला तरी काम वाढले, कमी केला तरी वाढले; मग रिले, म्हणजे टेलिफोन यंत्रणेतले छोटे विजेचे स्विच, जोडणाऱ्या मुलींच्या छोट्या गटाला विश्रांतीच्या सुट्ट्या दिल्या, त्यांचे म्हणणे ऐकले, उत्पादन चढत गेले. यातून बहुतेक साहेबलोक एवढेच घेतात, की माणसाकडे लक्ष दिले की तो जास्त काम करतो. मग वाढदिवसाला केक कापला जातो. त्या मुलींच्या पगाराची पद्धतही बदलली होती आणि फार बोलतात म्हणून दोघींना मध्येच काढले होते, हे कोणी सांगत नाही.

मला त्याच कारखान्यातली दुसरी खोली जास्त ओळखीची वाटली. १९३१-३२ मध्ये तिथे तारा जोडणाऱ्या चौदा पुरुषांचे निरीक्षण केले गेले. दिवसाला किती काम करायचे हे त्यांनी आपसात ठरवून घेतले होते. कोणी जास्त हात चालवला तर बाकीचे त्याला आवरत. मंदीचे दिवस. जास्त काढले तर दर उतरेल, नाहीतर माणसे कमी होतील, ही भीती. हे वाचताना मला आमची दुसरी पाळी दिसत होती. टार्गेट पूर्ण केले की पुढच्या महिन्यात टार्गेट वाढते, हे आमच्या पोरांनाही कोणी शिकवावे लागले नव्हते. याला अंगचोरपणा म्हणायचे का?

माणसावर विश्वास ठेवला तर तो कसा वागतो, हे पाहायला सांगलीकराला शिकागोला जायची गरज नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना उभारला, तेव्हा कामगारांची वस्तीही सोबत उभी केली आणि तुरुंगातून सुटून आलेल्यांना पहाऱ्यावर ठेवले. त्याच संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. गंभीर गुन्ह्यांचे कैदी तिथे भिंतीविना, कुटुंबासह राहून शेती करू लागले. आज आमच्याच जिल्ह्यात आयटीआय झालेल्या पोराची संध्याकाळी गेटवर डबा उघडून झडती होते. ठेकेदाराकडचा असेल तर पाच वर्षे त्याच मशीनवर उभा राहूनही त्याचे नाव साहेबांना माहीत नसते.

आणि बायकांचे काय? पॅकिंगच्या कामाला येणाऱ्या कितीतरी जणी पाळीभर पाणी पीत नाहीत. कारण स्वच्छतागृह नाही, किंवा आहे त्याला कडी नाही. पिण्याचे पाणी आणि स्त्रियांसाठी वेगळे स्वच्छतागृह १९४८ च्या कारखाना कायद्यापासून बंधनकारक आहे. कँटीन त्या कायद्याने अडीचशेहून अधिक कामगार असले तरच सक्तीचे केले होते, हे मी समजू शकतो, लहान शेडला ते झेपणार नाही. पण दाराला कडी लावायला किती खर्च येतो? दुपारी तीनला डोके दुखू लागलेल्या बाईकडून मोजणीत चूक झाली, तर ती नोंदवहीत तिच्या नावावर पडते.

आपल्याला माझी एक विनंती आहे. आपल्या वार्ताहरांना एकदा शिफ्ट बदलण्याच्या वेळी वसाहतीत पाठवावे. मालकांची मुलाखत नंतर घ्यावी. आधी पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली ते पाहावे, बायकांना बाहेर थांबवून दोन शब्द विचारावेत, आणि गेल्या सहा महिन्यांत नोकरी सोडून गेलेल्या चार पोरांच्या घरी जाऊन यावे. त्यांनी जे सांगितले ते जसेच्या तसे छापावे.

आपला,
एक निवृत्त पर्यवेक्षक,
विश्रामबाग, सांगली