साफ करण्याआधीचा आकडा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अणुवीज केंद्राविषयीच्या बातमीत 'नियामकांनी तपासणी केली, सर्व काही समाधानकारक आढळले' हे वाक्य हमखास असते. काय तपासले, ते कोणत्या स्थितीत सापडले आणि तपासणी ठरल्या तारखेला झाली की पुढे ढकलली, हे त्यातून कळत नाही. सुरक्षा ठरते ती नेमकी याच गोष्टींवर, म्हणून हे पत्र.

सेफ्टी व्हॉल्व्हचेच पाहा. आतला दाब धोकादायक होण्याआधी तो बाहेर सोडणारी ही झडप. तो ठरलेल्या दाबाला उघडला पाहिजे. टेस्ट बेंचवर आणल्यावर तो आला तसाच ठेवून दाब वाढवत न्यायचा आणि कोणत्या दाबाला उचलतो ते टिपायचे. त्यानंतरच तो खोलायचा, सीट (झडप टेकते ती बैठक) घासायची, स्प्रिंग जुळवायची आणि पुन्हा मोजायचे. अनेक केंद्रांच्या नियमांत जुळवल्यानंतर एक टक्क्यापर्यंत आणि सापडला त्या स्थितीत तीन टक्क्यांपर्यंत फरक चालतो. दोन्हींत महत्त्वाचा आकडा पहिला. मागच्या चाचणीपासून आजपर्यंत हा व्हॉल्व्ह वेळेला कामी आला असता का, हे फक्त त्यावरूनच कळते. आधी साफ करून मग मोजला तर कागद नीटनेटका होतो, पण ती माहिती कायमची जाते.

आणीबाणीच्या डिझेल जनरेटरचीही तीच गत. बाहेरची वीज गेली की तो साधारण दहा सेकंदांत सुरू होऊन पंपांचा भार घेण्यास तयार व्हावा लागतो. त्याचे पाणी आणि तेल हीटरने कायम कोमट ठेवलेले असते. ते योग्यच, कारण खऱ्या प्रसंगीही ते तसेच असणार. चाचणीआधी सिलिंडरमध्ये पाणी साचले नाही ना, हे पाहण्यासाठी इंजिन हळूच फिरवून घेण्यालाही आधार आहे. पण चाचणीच्या सकाळीच सुरुवातीच्या हवेच्या टाकीतले पाणी काढले, इंधनाच्या टाकीच्या तळाचा गाळ उपसला, रिले (विजेवर चालणारे स्विच) साफ केले आणि मग बटण दाबले, तर ती चाचणी कसली? डिझेल सुरू न होण्याची नेहमीची कारणेच तिच्या तोंडावर दूर केलेली असतात. मोटरवर चालणाऱ्या व्हॉल्व्हच्या दांड्याला ग्रीस लावून, तो एकदा उघडबंद करून मग घड्याळ लावणेही त्याच जातीचे. यात फसवणुकीचा हेतू असतोच असे नाही. दुरुस्ती आणि चाचणी एकाच दिवशी लावणे कामाच्या वेळापत्रकाला सोयीचे असते, एवढेच. म्हणून निरीक्षकाने निकालपत्राआधी कामाचा क्रम पाहावा: कामाचे परमिट किती वाजता निघाले, ग्रीसची नोंद कितीची, चाचणी कितीची.

आता तारखेबद्दल. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डेव्हिस-बेसी केंद्राचे प्रकरण या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला पाठ असले पाहिजे. अणुभट्टीच्या दाबपात्राच्या झाकणातून नियंत्रक कांड्यांच्या, म्हणजे भट्टीचा वेग आवरणाऱ्या कांड्यांच्या, नळ्या आत जातात. २००१मध्ये दुसऱ्या एका केंद्रात, ओकोनी येथे, अशा नळ्यांना परिघाच्या दिशेने तडे आढळले. असा तडा पूर्ण फिरला तर नळीच उडू शकते. नियामकाने संवेदनशील भट्ट्यांची ही तपासणी ३१ डिसेंबर २००१पर्यंत करायला सांगितली. डेव्हिस-बेसीच्या कंपनीने मुदत मागितली, घासाघीस झाली आणि १६ फेब्रुवारी २००२ ही तारीख ठरली.

झाकण उघडे पडल्यावर मार्चमध्ये जे दिसले ते कोणाच्या कल्पनेत नव्हते. तडा गेलेल्या एका नळीतून बोरिक अ‍ॅसिड असलेले पाणी झिरपत होते. पाणी उडून जाई आणि अ‍ॅसिड पोलादावर साचे. त्याने सुमारे १७ सेंटिमीटर जाडीचे पोलाद अननसाएवढे पोखरून पार खाल्ले होते. हवेच्या सामान्य दाबाच्या सुमारे १५० पट दाब पेलायला तिथे उरला होता तो आतला स्टेनलेस स्टीलचा अस्तराचा पत्रा, जेमतेम ९ मिलिमीटरचा. तोही फुगलेला.

हे अचानक घडले नव्हते. २०००च्या इंधनबदलातल्या छायाचित्रात झाकणाच्या कडेच्या भोकांतून गंजलेले तांबूस ओघळ आलेले स्पष्ट दिसतात. शुद्ध बोरिक अ‍ॅसिड पांढरे असते. ते तांबूस झाले म्हणजे त्यात लोखंड आले. हवेतील किरणोत्सर्ग मोजणाऱ्या उपकरणाचा फिल्टर एरवी महिन्याने बदलायचा, तो एक-दोन दिवसांत चोंदू लागला होता. हवा थंड करणाऱ्या कूलरवरची पूड वारंवार धुवावी लागत होती. प्रत्येक खुणेवर उपाय झाला: फिल्टर बदलला, कूलर धुतला, काम पूर्ण म्हणून सही झाली. हे लोखंड कुठून येते आहे, हा प्रश्न कोणी शेवटपर्यंत नेला नाही. नियामक संस्थेच्याच महानिरीक्षकांनी नंतर नोंदवले की, मुदत देण्यामागे कंपनीवरचा आर्थिक बोजा हलका करण्याचा विचार मोठ्या प्रमाणात होता. केंद्र २००४च्या मार्चपर्यंत बंद राहिले. वाचवलेले दीड महिने त्यापुढे काहीच नव्हेत.

तपासणी वेळेवर होऊनही चुकू शकते. भट्टीच्या उष्णतेने वाफ तयार करणाऱ्या बाष्पजनित्रात जेमतेम दोन सेंटिमीटर व्यासाच्या, एक-सव्वा मिलिमीटर जाडीच्या हजारो नळ्या असतात. त्यांतून एडी करंटचा प्रोब (धातूत विद्युतप्रवाह निर्माण करून दोष शोधणारे उपकरण) ओढून भिंत किती झिजली ते पाहतात आणि साधारण ४० टक्के झिजलेली नळी बूच ठोकून बंद करतात. अमेरिकेतल्याच इंडियन पॉइंट केंद्राच्या दुसऱ्या भट्टीत फेब्रुवारी २०००मध्ये एक नळी फुटली. तिच्या यू-वळणातला दोष १९९७च्या सिग्नलमध्ये होता, पण गोंगाटात हरवला. गोंगाट जास्त असेल तर 'दोष आढळला नाही' याचा अर्थ 'दोष दिसू शकला नसता' असाही असतो. अहवालात सिग्नलच्या दर्जाचा उल्लेख म्हणूनच हवा.

चाचणी स्वतःच दोष मागे ठेवून जाते, हेही विसरू नये. अमेरिकेतील थ्री माइल आयलंड केंद्रातल्या २८ मार्च १९७९च्या अपघातात आणीबाणीचे पाणी बाष्पजनित्रांत पोहोचले नाही, कारण सुमारे दोन दिवस आधीच्या चाचणीनंतर दोन व्हॉल्व्ह बंदच राहिले होते. त्यातल्या एकाचा दिवा देखभालीच्या टॅगखाली झाकला गेला होता. आठ मिनिटांनी ते लक्षात आले. अपघाताचे मूळ ते नव्हे, ते दाब सोडणाऱ्या आणि उघड्याच अडकलेल्या व्हॉल्व्हमध्ये होते. पण त्या आठ मिनिटांनी ऑपरेटरांचे लक्ष भलतीकडे गुंतवले. चाचणीनंतर व्हॉल्व्ह जागेवर आल्याची खात्री दुसऱ्या माणसाने, स्वतंत्रपणे, प्रत्यक्ष जागी जाऊन करायची असते. दोघे बरोबर गेले तर दुसरा पहिल्याच्या डोळ्यांनीच पाहतो.

हे सगळे पाहणारा नियामक वीज विकणाऱ्यांच्या किंवा अणुऊर्जेचा प्रसार करणाऱ्यांच्या हाताखाली नसावा, असे १९९४चा अणुसुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार सांगतो. जपानमध्ये नियामक यंत्रणा अणुऊर्जेला चालना देणाऱ्या मंत्रालयातच होती. २००२मध्ये टेप्को या वीज कंपनीच्या तपासणी नोंदींतील खोटेपणा उघड झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत तिच्या सर्व १७ भट्ट्या बंद कराव्या लागल्या. तरी रचना बदलली नाही; स्वतंत्र नियामक आला तो फुकुशिमाच्या अणुअपघातानंतर, २०१२मध्ये. अमेरिकेत निरीक्षक केंद्रातच मुक्कामी असतात, पण एका ठिकाणी सात वर्षांहून जास्त नाही. कँटीनमध्ये रोज ज्यांच्याबरोबर जेवायचे त्यांच्याच भट्टीला 'थांबवा' म्हणणे दर वर्षाने अवघड होत जाते, हे त्या नियमाने ओळखले आहे. आमच्या मते हा नियम सर्वत्र हवा.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. एखादी भट्टी इंधनबदलासाठी थांबली की 'सुरू कधी होणार' या प्रश्नाबरोबर हेही विचारावे: किती व्हॉल्व्ह सापडले त्या स्थितीत मर्यादेबाहेर होते, या खेपेस किती नळ्यांना बूच बसले आणि मागच्या खेपेस किती, बोरिक अ‍ॅसिडचे डाग कुठे आढळले आणि उगम सापडला का, कोणती तपासणी पुढे ढकलली आणि त्या परवानगीवर कोणाची सही आहे. ही उत्तरे केंद्राच्या फायलीत असतातच. ती जशीच्या तशी छापावीत, आणि उत्तर नाकारले तर तेही.

आपले,
अणुसुरक्षा क्षेत्राशी संबंधित काही वाचक