वायरमन काकांवर दोन ओळी पुरत नाहीत

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरातल्या निधनवार्ता मी रोज वाचतो. माजी अध्यक्ष, माजी अमुक, माजी तमुक. आमच्या वायरमन काकांना कसलंच पद नव्हतं, त्यामुळे त्यांचं दोन ओळीत उरकलं, "निवृत्त वायरमन, पश्चात पत्नी, दोन मुलं", बस. छापणाऱ्याला तरी काय माहीत म्हणा, म्हणून हे पत्र. नाव मुद्दाम घालत नाही, घरच्यांना आवडणार नाही आणि काकांना तर अजिबातच आवडलं नसतं.

रिटायर झाल्यावर माणसं एकतर बीपीच्या गोळ्या मोजतात नाहीतर राजकारणावर भांडत बसतात. काकांनी टेस्टर, पक्कड, टेपची गुंडाळी आणि जुना मेगर (वायरच्या इन्सुलेशनमधून करंट गळतो का हे तपासायचं यंत्र) पिशवीत टाकला आणि एकटी राहणारी म्हातारी माणसं शोधून त्यांच्या घरची वायरिंग तपासत फिरायला लागले. सामान घरमालकाचं, मजुरी काहीच नाही, आणि कोणी पैसे पुढे केलेच तर असे चिडायचे की समोरचा घाबरून पाकीट आत ठेवायचा.

काम मात्र बघण्यासारखं. आधी बोर्डाच्या प्लेटवर तळहाताची मागची बाजू टेकवायचे, गरम लागली की आत कुठंतरी स्क्रू ढिला आहे हे ठरलेलं. मग नाक जवळ नेऊन वास घ्यायचे, जळकट वास आला की मान हलवायची आणि सरळ मेन बंद. मेन बंद केल्यावर पण विश्वास नाही! टेस्टर आधी कुठल्यातरी चालू सॉकेटमध्ये घालून पेटतो का बघणार, मग बंद केलेल्या वायरला लावणार, मग परत चालू सॉकेटमध्ये. का म्हणून विचारलं तर म्हणायचे, अरे बिघडलेला टेस्टर पण पेटत नाही आणि लाइट नसली तरी पेटत नाही, तुला कसं कळणार कुठलं खरं? हाताखालच्या पोरांकडून हे एवढं घोटून घेतलंय की ती झोपेतही तसंच करतील.

सगळ्यात जास्त राग अर्थिंगवरून, म्हणजे गळालेला करंट माणसाऐवजी जमिनीत नेणाऱ्या वायरवरून. प्लगची तिसरी पिन बाकी दोन पिनांपेक्षा लांब आणि जाड असते ना, ती प्लग घालताना अर्थ आधी जोडला जावा आणि काढताना शेवटी सुटावा म्हणून, आणि लोक सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून तीच कापून टाकतात. वॉशिंग मशीनला हात लावला की मुंग्या येतात असं एका शिकल्यासवरल्या डॉक्टरांनी सांगितलं, वर म्हणे चप्पल घालून लावतो मग काही होत नाही. काकांनी त्यांना पेशंटसमोर झापलं. जरा जास्तच बोलले असं मला वाटलं, पण दुसऱ्या दिवशी स्वतःच जाऊन अर्थची लाइन ओढून दिली.

दुसरं म्हणजे एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) बसवली की झालं ही लोकांची समजूत. ती वायर जळू नये म्हणून असते हो, माणसासाठी आरसीसीबी वेगळी. फेजमधून (करंट आणणाऱ्या वायरमधून) गेलेला करंट न्यूट्रलमधून (परतीच्या वायरमधून) तेवढाच परत येतोय का, की मधेच कुणाच्या अंगातून गळतोय, हे ती बघत असते, घरातली साधारण ३० मिलिअँपची असते, तेवढा फरक पडायच्या आत लाइन तोडते. तिच्यावर टेस्टचं बटण असतं ते अधूनमधून दाबायचं असतं, किती जण दाबतात? पावसाचं पाणी घरांत शिरलं होतं तेव्हा तर हा माणूस दारोदार जाऊन सांगत होता, मेगर लावल्याशिवाय कोणी मेन चालू करायचा नाही, मग दोन दिवस अंधारात बसावं लागलं तरी चालेल. शिव्याही खाल्ल्या.

रक्तदान तर वर्षानुवर्षं केलं, पासष्टी झाल्यावर घेत नाहीत म्हटल्यावर कॅम्पमध्ये खुर्च्या लावायला जायला लागले. ते असो.

संपादक साहेब, तुमच्यावरही त्यांची एक तक्रार होती, ती आता मीच पोचवतो. आग लागली की पेपरात येतं "कारण शॉर्ट सर्किट". काका पेपर आपटायचे, अरे शॉर्ट सर्किट झालं ते कशाने? ढिला जॉइंट होता, सुकून तडकलेलं इन्सुलेशन होतं, की फ्यूज सारखा उडतो म्हणून कोणी शहाण्याने त्यात जाड तार घातली होती? एका एक्स्टेंशनवर हीटर आणि इस्त्री दोन्ही होतं का? हे कोणी विचारत नाही, मग शेजारचा वाचून काय शिकणार. तेव्हा काकांवर लेख वगैरे नको, पुढच्या आगीच्या बातमीत तुमच्या वार्ताहराने हा एक प्रश्न जास्तीचा विचारला तरी चालेल.

त्यांच्या वहीत काही घरं तपासायची राहिलीत, ती पोरं येत्या रविवारपासून पूर्ण करतायत. ज्यांच्याकडे येतील त्यांनी कृपा करून बोर्डासमोरचं कपाट आधीच सरकवून ठेवा.

आपला,
एक नियमित वाचक